ऑफिसला कारपूल सुरू करायचंय? वारजे-कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या नवीन मंडळींसाठी

जवळपास प्रत्येक ऑफिसात असं एखादं कारपूल असतं जे सोमवारी दणक्यात सुरू होतं आणि महिन्याभराने त्याचं कुणी नाव पण काढत नाही. विचारलं की सगळे ट्रॅफिकवर ढकलतात. अहो, ट्रॅफिक तर एकट्याने गेलं तरी लागतंच की. खरं बघायला गेलं तर कोण कुठे उभं राहणार, किती वेळ थांबायचं आणि पैसे कसे द्यायचे हे तीन प्रश्न पहिल्या दिवसाच्या आधी कुणी विचारलेलेच नसतात, कारण आपल्याकडे ओळखीच्या माणसाला पैशाचं विचारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. मग ते कसंतरी वाटणं मनात साठत जातं आणि एक दिवस ग्रुपवर नुसतं "आज मी डायरेक्ट जातोय" येतं, दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि संपलं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या तीन प्रश्नांबद्दल आहे, बाकीचं थोडक्यात.

उदाहरणं हिंजवडीची आहेत कारण रोजचा रस्ता तोच आहे. खराडी, मगरपट्टा, तळवडे, चाकण कुठेही जात असाल तरी चौकांची नावं बदलून घ्या, बाकी सगळं तसंच लागू होतं.

आधी बघा की तुम्हाला कारपूल हवंय का

हे जरा उलटं वाटेल पण सुरुवात इथून करा. कंपनीची बस तुमच्या स्टॉपवर येत असेल आणि तिचं टायमिंग जमत असेल तर गुपचूप बसने जा, झोप पण होते. मेट्रोच्या रस्त्यावर घर आणि ऑफिस असेल तर मेट्रो घ्या. कोथरूडवाल्या माणसाचं ऑफिस कल्याणीनगर-विमाननगरकडे असेल तर वनाजहून बसायचं आणि रामवाडीला उतरायचं, त्यात कारपूलची भानगड कशाला. ज्यांचं ऑफिस खराडीला आहे त्यांच्यासाठी मात्र एक मधला मार्ग चांगला आहे, रामवाडीपर्यंत मेट्रो आणि तिथून पुढे ऑफिसपर्यंत दोघा-तिघांनी मिळून रिक्षा किंवा कुणाची तरी गाडी. सगळं अंतर एकाच गाडीत बसून कापायचं असं काही बंधन नाही.

कारपूल खरं कामाला येतं ते वारजे, कर्वेनगर, सिंहगड रोड, नऱ्हे-आंबेगाव, बावधन अशा ठिकाणांहून हायवे पकडून हिंजवडीला जाणाऱ्यांना. बस बदलत बसलं तर अर्धा दिवस जातो, टू-व्हीलरवर हायवेला ट्रकच्या शेजारून जायला घरचे नको म्हणतात आणि एकट्याने गाडी काढली तर पेट्रोल आणि गुडघा दोन्ही जातात.

मग एका कागदावर किंवा फोनमध्ये चार गोष्टी लिहा. घरातून निघायची वेळ, ऑफिसला पोचायलाच हवं अशी वेळ, आठवड्यात कुठल्या वारी जाता आणि ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या नक्की कुठल्या फेजला (म्हणजे भागात) आहे. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. "हिंजवडीला जातो" एवढ्यावर लोक खूश होऊन गाडीत बसतात आणि मग कळतं एकाला फेज १ ला उतरायचंय आणि दुसऱ्याला फेज ३ ला. सकाळी नऊ वाजता त्या मधल्या रस्त्यावर काय असतं हे ज्याने बघितलंय त्यालाच माहिती. फेज ३ वाला माणूस कधी कधी सूस-नांदेवरून माणच्या बाजूने जायचं म्हणतो, ज्याला फेज १ ला जायचंय त्याला ते उपयोगाचंच नाही. त्यामुळे शक्यतो एकाच फेजची माणसं घ्या, नाहीतर फेज १ वाला वाटेत उतरून पुढचं चालत जायला तयार हवा.

माणसं कुठून मिळवायची

मित्रांपासून सुरुवात करू नका. म्हणजे मित्र असेल तर उत्तमच, पण मित्र आहे म्हणून त्याला घेऊ नका. तुमचा जिगरी दोस्त जर रोज वीस मिनिटं उशिरा उठत असेल तर मैत्री पण जाईल आणि कारपूल पण. रस्ता आणि वेळ जुळणारा अनोळखी सहकारी हा रस्ता न जुळणाऱ्या मित्रापेक्षा कधीही बरा.

ऑफिसच्या आतल्या चॅटवर किंवा नोटीस बोर्डवर मेसेज टाका, बऱ्याच कंपन्यांत ॲडमिनकडे अशा लोकांची यादी असते, विचारलं की देतात. दुसरी चांगली जागा म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. आणि सकाळी पार्किंगमधून निघणाऱ्या गाड्यांच्या काचेवर कंपनीचा किंवा आयटी पार्कचा स्टिकर असतो तो बघा, अर्ध्या लोकांचा शोध तिथेच लागतो. मेसेज टाकताना गोलमोल लिहू नका. असा लिहा:

"वारजे माळवाडी ते हिंजवडी फेज ३, मंगळ-बुध-गुरु, सकाळी ७:४० ला हायवेच्या सर्व्हिस रोडवरून निघणार, परत ६:१५. गाडी माझी, दोन जागा आहेत. पेट्रोल वाटून. सिगरेट चालणार नाही."

एवढ्यात सगळं आलं. ज्याला जमत नाही तो आपोआप गळतो, तुम्हाला कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. आपल्या लोकांना नाही म्हणता येत नाही ना, मग मेसेजलाच म्हणू द्यायचं.

ॲपवरून अनोळखी लोकांबरोबर जायचं असेल तर तो जरा वेगळा विषय आहे. राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये खाजगी गाड्यांचं ॲपवरून होणारं पूलिंग बंद करायचा आदेश काढला होता आणि त्यानंतरही धोरण हलत राहिलंय, त्यामुळे ॲप वापरणार असाल तर त्या वेळचा नियम आधी बघून घ्या. ऑफिसातल्या ओळखीच्या चार जणांनी मिळून पेट्रोल वाटून घेणं ही सरळ गोष्ट आहे, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

माणसं किती

गाडीत पाच जण बसतात हे कागदावर. रोज, लॅपटॉपच्या बॅगा आणि डबे घेऊन, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांसकट, चार. त्यात गाडी सीएनजी असेल तर डिकीत टाकी असते आणि बॅगा मांडीवर येतात, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर कुरकुर नको. तीन जणांनी सुरू करणं सगळ्यात छान, चौथा महिन्याभराने घ्या. पहिल्याच दिवशी चार आणि वेटिंगला दोन अशी पुढाऱ्यासारखी गर्दी करायची काही गरज नाही.

पिकअपची जागा, यावर जरा वेळ घालवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला हवा आणि लोक इथेच सगळ्यात कमी घालवतात.

नियम एक, गाडी कुणाच्या बिल्डिंगखाली जाणार नाही. गाडी तिच्या सरळ रस्त्यावरून जाणार आणि बाकीच्यांनी चालत किंवा रिक्षाने किंवा घरच्यांच्या स्कूटरवरून त्या रस्त्यावर यायचं. एकदा का "जरा आत ये ना, दोनच मिनिटं" सुरू झालं की कर्वेनगरच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीमागे दहा मिनिटं जातात, पुढचे दोघं हायवेला उभे राहून घड्याळ बघत बसतात आणि ती दहा मिनिटं पुढे भूमकर चौकात किंवा वाकड ब्रिजखाली पंचवीस मिनिटं होऊन परत मिळतात.

नियम दोन, चौकाचं नाव म्हणजे पत्ता नाही. "चांदणी चौकात भेटू" असं म्हणणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. तिथला जुना ब्रिज ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन काम खुलं झालं, आता एवढे रॅम्प आणि सर्व्हिस रोड आहेत की दोन माणसं चांदणी चौकातच उभी असतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. चुकीच्या रॅम्पवर गाडी लागली की वळून यायला लांबचा फेरा पडतो. म्हणून जागा सांगताना दुकान, पेट्रोल पंप किंवा बस स्टॉपचं नाव सांगा आणि मॅपवर पिन टाकून ती ग्रुपमध्ये वरती पिन करून ठेवा. रविवारी एकदा जाऊन प्रत्यक्ष बघून या, पाच मिनिटांचं काम आहे.

नियम तीन, रस्त्याची बाजू. सकाळी मुंबईकडे जाणारी बाजू लागते, संध्याकाळी कात्रज-साताऱ्याकडची. म्हणजे सकाळची जागा आणि संध्याकाळची उतरायची जागा वेगळी असणार आणि संध्याकाळी उतरल्यावर हायवे ओलांडायला जवळ अंडरपास आहे का हे बघायला हवं. दुभाजकावरून उड्या मारून हायवे ओलांडणारे लोक रोज दिसतात, त्यातले तुम्ही होऊ नका.

नियम चार, मेन हायवेवर गाडी थांबवायची नाही. कितीही सकाळ असू दे, कितीही रस्ता मोकळा दिसू दे. थांबायचं ते सर्व्हिस रोडला. नऱ्हे-आंबेगावच्या लोकांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा, कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले ब्रिजपर्यंत उतार आहे आणि तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात किती झालेत हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या उतारावर कडेला इंडिकेटर लावून "ये ये पटकन" करणं म्हणजे जीवाशी खेळ.

एका गाडीला दोन पिकअप पुष्कळ झाले, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. चौघांपैकी दोघांनी एकाच जागी यावं.

वेळ

किती थांबायचं ते आकड्यात ठरवा. आमच्या ओळखीतली जी कारपूलं वर्षानुवर्षं चाललीत त्या सगळ्यांत तीन मिनिटांचा नियम आहे. ७:४० म्हणजे ७:४०, ७:४३ ला गाडी हलते, फोन करायचा नाही, वाट बघायची नाही, रागवायचं पण नाही. मागे राहिलेल्याने आपलं आपण यायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत त्याचा विषय काढायचा नाही. ऐकायला कडक वाटतं पण यात कुणाचा अपमान होत नाही कारण नियम सगळ्यांना आधीच माहिती असतो. उलट "अरे थांब, आलोच, लिफ्टमध्ये आहे" यात रोज थोडी थोडी चीड साठत जाते. लिफ्टमध्ये असलेला माणूस बहुतेक वेळा अजून मोजे शोधत असतो.

आणि हा नियम गाडीवाल्याला पण लागू. गाडी त्याची आहे म्हणून तो दहा मिनिटं उशिरा आला तर चालतं असं नाही. सीनियर असला, सर असला तरी नाही. उलट सरांनाच पहिल्या आठवड्यात हसत हसत सांगून टाका, नंतर सांगायला जड जातं.

निघायची वेळ ठरवताना पंधरा-वीस मिनिटं लवकरच्या बाजूला सरका. पावणेआठ आणि सव्वाआठ यात दिसायला अर्धा तास आहे पण वाकडला पोचल्यावर तो फरक कितीतरी मोठा होतो. हायब्रिडमुळे (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून काम) मंगळ-बुध-गुरु सगळेच ऑफिसला येतात, त्या दिवशी तर लवकर निघाच. सोमवार-शुक्रवार जरा सुसह्य असतात.

आता संध्याकाळ. इथे बहुतेक कारपूलं आडवी होतात, कारण सकाळी सगळ्यांना पोचायची घाई सारखीच असते, संध्याकाळी तसं नसतं. एकाचा साडेसहाला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, दुसऱ्याला मुलाला क्लासवरून घ्यायचंय, तिसऱ्याचा मॅनेजर सहा वाजून दहा मिनिटांनी "क्विक डिस्कशन" म्हणून बोलावतो. म्हणून सकाळचं आणि संध्याकाळचं कारपूल ही दोन वेगळी कारपूलं आहेत असंच धरा. सकाळी जो येईल तो संध्याकाळी असेलच असं नाही, आणि संध्याकाळी तुमच्याच रस्त्याची दुसरी एखादी गाडी असेल तर तिच्या ग्रुपशी पण संबंध ठेवा. पाच वाजेपर्यंत ग्रुपवर हो किंवा नाही टाकायचं, जो काहीच टाकत नाही तो नाही. बस. गाडी ठरल्या वेळी निघणार. ज्याला गाडी चुकली त्याने बस, कॅब, दुसरी गाडी जे मिळेल ते, आणि याची तयारी मनात आधीच ठेवून कारपूलमध्ये यायचं.

पैसे

बोलायला सगळ्यात अवघड म्हणून पहिल्याच भेटीत, चहा प्यायला बसाल तेव्हा बोला.

दोन पद्धती आहेत. एक, सगळ्यांकडे गाड्या आहेत तर आलटून-पालटून आणायच्या, आज तू उद्या मी, पैशाचा विषयच नाही. ही पद्धत फार सुटसुटीत, फक्त सगळ्यांच्या गाड्या साधारण सारख्या खर्चाच्या हव्यात आणि सगळ्यांना हायवेला नीट चालवता यायला हवी. एकाची मोठी एसयूव्ही आणि दुसऱ्याची सीएनजी असेल तर दोन महिन्यांत एसयूव्हीवाल्याला हिशोब आठवायला लागतो.

दोन, गाडी एकाचीच आणि बाकीचे वाटा देणार. मग हिशोब असा करा. वारजे ते फेज ३ जाऊन-येऊन ४२ किलोमीटर धरू. कंपनीने ब्रोशरमध्ये मायलेज काहीही लिहिलेलं असू दे, त्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून १२ धरा. म्हणजे साडेतीन लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर साधारण ३६७ रुपये नुसतं पेट्रोल. त्यात टायर, सर्व्हिसिंग, क्लच (या रस्त्यावर क्लच प्लेट म्हणजे जवळपास किराणा सामानच) यासाठी किलोमीटरला दोन रुपये धरले तर ८४. झाले ४५१. गाडीत चार जण असतील तर प्रत्येकी ११३ च्या आसपास, सरळ ११० करा, सुट्टे पैसे मोजत बसू नका. तुमचा आकडा तुमच्या गाडीप्रमाणे येईल, एकदा टाकी फुल करून आठवडाभराने परत फुल केली की खरं मायलेज कळतं.

यात एक गोष्ट बघा, भागाकार चारने केलाय, तीनने नाही. गाडीवाल्याचा पण वाटा असतो. काही ठिकाणी बाकीचे तिघं मिळून सगळा खर्च देतात, गाडीवाला म्हणतो मी चालवतो ना रोज, ते माझं काम. हे मला फारसं पटत नाही, पण चौघांना मान्य असेल तर चालवा, मात्र जमा झालेले पैसे खर्चाच्या वर एक रुपयाही जाता कामा नयेत. याला कारण आहे. आपली पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी असते, भाडं घेऊन माणसं न्यायची तर पिवळी पाटी आणि परमिट लागतं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ मध्ये परमिटचं सांगितलंय. खर्च वाटून घेणं वेगळं आणि सीटमागे दीडशे रुपये लावून धंदा करणं वेगळं. रोज नवीन नवीन माणसं घेऊन वाकडच्या कोपऱ्यावरून "हिंजवडी हिंजवडी" ओरडायला लागलात की ते कारपूल राहत नाही.

सुट्टीचं काय? रात्री नऊपर्यंत सांगितलं तर त्या दिवसाचा वाटा नाही. नऊच्या नंतर किंवा सकाळी सांगितलं तर वाटा द्यायचा, कारण त्याची जागा दुसऱ्या कुणाला देता आलेली नसते. आजारपण असेल तर सोडून द्या, माणुसकी नावाची पण गोष्ट असते. रोजच्या रोज पैसे मागत-देत बसू नका, गाडीवाल्याने शीटमध्ये किंवा हिशोबाच्या ॲपमध्ये टिक करायचं आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी यूपीआय करायचं. पाच तारखेनंतर कुणाचे आले नसतील तर ग्रुपवर पूर्ण शीट टाकायची, एकट्याला मेसेज करायचा नाही. शीट बघून ज्याला कळायचं त्याला कळतं.

गाडीची कागदपत्रं आणि इन्शुरन्स

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालू आहेत ना हे गाडीवाल्याने स्वतःहून दाखवायचं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात. आणि बसणाऱ्याने विचारायला लाजायचं नाही, तुम्ही रोज त्या गाडीतून हायवेने जाणार आहात.

इन्शुरन्सचं जरा समजून घ्या, हे फार कमी लोकांना माहिती असतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खाजगी गाडीत बसलेल्या माणसांना त्यात धरत नाहीत. पॅकेज म्हणजे आपण ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो ती हवी, आणि त्यात गाडीतल्या प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघाताचं जादा कव्हर घेता येतं, फार महाग नसतं, चौघांत वाटून घ्या. मालक-चालकाचं १५ लाखांचं कव्हर असतं पण ते फक्त त्याचं, शेजारी बसलेल्याचं नाही. आणि खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही असं लिहिलेलंच असतं, म्हणजे वर सांगितलेली खर्चाच्या वर न जायची गोष्ट इथे पण कामाला येते, क्लेमच्या वेळी उगाच वाद नको. पॉलिसी काढून एजंटला एकदा फोन करा आणि सरळ विचारा की मी ऑफिसच्या लोकांना पेट्रोल वाटून नेतो, काय काय कव्हर आहे.

सीटबेल्ट मागच्यांनी पण लावायचा. कलम १९४ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे आणि ई-चलान येतं ते गाडीच्या मालकाच्या नावाने, म्हणून नियम करा की ज्याने बेल्ट लावला नाही त्याने दंड भरायचा. सिग्नल तोडला, स्पीड जास्त झाला तर तो चालवणाऱ्याचा. "तुम्हीच म्हणालात पटकन चल" हे चालणार नाही. बाकी मागच्या बेल्टचं बक्कल सीटच्या खाली गेलेलं असतं ते पहिल्या दिवशीच काढून ठेवा.

गाडीत वागायचं कसं

थोडक्यात सांगतो. मीटिंगचा कॉल गाडीत स्पीकरवर नको, तुमच्या प्रोजेक्टचं गाऱ्हाणं बाकीच्यांनी का ऐकावं, आणि गाडीत दुसऱ्या कंपनीचा माणूस असेल तर कामाचं काही बोलूच नका. रील बघायचे तर इयरफोन लावा. ज्याला झोपायचंय त्याला झोपू द्या, सकाळी बोलायलाच हवं असं काही नाही, काही कारपूलांत तर बाणेरपर्यंत कुणी तोंड उघडत नाही आणि तीच सगळ्यात टिकाऊ असतात. गाणी चालवणारा लावेल ती. वास येणारं खाणं नको, वडापाव आणला तर चार आणा. राजकारण आणि अप्रेझल हे दोन विषय शक्यतो टाळा, दुसरा जास्त. आणि एखाद्याचा मॅनेजर त्याच गाडीत असेल तर ते कारपूल टिकत नाही, मी तरी टिकलेलं बघितलं नाही, दोघंही अवघडून बसतात.

चालवणाऱ्याला चालवायला शिकवू नका. पण त्याने फोन हातात घेतला तर मात्र लगेच बोला, त्यात भीड ठेवायची नाही.

मुलींसाठी, आणि मुलींबरोबर जाणाऱ्यांसाठी

पहिले दोन आठवडे तरी पिकअप मोठ्या रस्त्यावर ठेवा, घराचा नंबर सांगायची गरज नाही. गाडीचा नंबर आणि चालवणाऱ्याचा ऑफिसचा आयडी घरच्यांना पाठवा, लाईव्ह लोकेशन चालू ठेवा, आणि हे सगळं लपूनछपून नाही तर सांगून करा. समोरचा चांगला माणूस असेल तर त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि ज्याला वाटतं त्याच्या गाडीत कशाला बसायचं. फक्त मुलींचा ग्रुप हवा असेल तर मेसेजमध्ये तसं लिहा, हिंजवडीच्या रस्त्यावर असे ग्रुप मिळतात. नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडा, "जमत नाहीये" पुरे. अडचणीला ११२ आहेच.

रात्रीच्या शिफ्टला कारपूलवर विसंबू नका. रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती घेऊन सुरक्षेची आणि जाण्या-येण्याची सोय कंपनीने करायची असते, राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात तसं आहे. त्यामुळे "आहे ना कुणीतरी सोडायला" म्हणणाऱ्या मॅनेजरला ॲडमिनकडे कॅब मागा म्हणून सांगायचं.

टू-व्हीलरवर

दोघांचं एकाच स्कूटरवर जाणं पण कारपूलच झालं. दुसरं हेल्मेट मागच्याने स्वतःचं आणायचं, चालवणाऱ्याने पुरवायचं नाही, दुसऱ्याचं घामट हेल्मेट कुणाला आवडतं. वाटा सरळ निम्मा. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सुट्टी. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे टू-व्हीलर वारजे किंवा बावधनला जिथे नीट पार्किंग मिळतं तिथे लावायची आणि पुढे हायवेला कारने जायचं.

काही दिवस वेगळे असतात

आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि मुक्काम करून निघतात त्या दिवसांत रस्ते बंद आणि वळवलेले असतात, वाहतूक पोलिसांचं पत्रक आधी येतं ते ग्रुपवर टाका आणि त्या दिवशी सरळ घरून काम मागा. गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, तसंच. मुसळधार पावसात अंडरपासखाली पाणी साठतं आणि सगळं हिंजवडी एकाच वेळी घरी निघतं, अशा दिवशी ठरलेली वेळ मोडून तीन वाजता निघायचं का हे गाडीवाल्याने दुपारी जेवतानाच विचारून घ्यावं.

दर रविवारी रात्री ग्रुपवर पोल टाका, पुढच्या आठवड्यात कोण कुठल्या दिवशी. पोल टाकणारा एकच ठरवून द्या, शक्यतो गाडीवाला सोडून दुसरा कुणीतरी, कारण त्याच्या डोक्याला आधीच गाडी आहे.

आणि सुरू करताना दोनच आठवडे करून बघू असं म्हणा. दोन आठवड्यांनी परत चहाला बसा, वेळ बदलायची का, पैसे बरोबर आहेत का, कुणाला नको आहे का. ज्याला सोडायचंय त्याला तेव्हा सोडता येतं, तोंड कडू न करता. पुढे कधी सोडायचं झालं, नोकरी बदलली, घर बदललं, तर दोन आठवडे आधी सांगा म्हणजे जागा भरता येते, त्या महिन्याचा हिशोब मिटवा, ग्रुपमधून गुपचूप लेफ्ट होऊ नका, आणि डिकीतली आपली छत्री आणि डबा घेऊन जा, तिथे आधीच तीन बेवारस पडलेत.